ब्रुम्लाचा आखूड पाय आणि उरायासुची पिशवी

सगळ्यात आधी सातो-सानचं नाव लिहिते, मग बाकीचं. नाहीतर मी बोलण्याच्या भरात थालीपिठावर जाईन, बर्फावर जाईन, आणि जिच्यामुळे आज हे हसत लिहिता येतंय त्या बाईचं नाव शेवटी कुठेतरी कोंबावं लागेल. सातो-सान, म्हणजे आपल्या भाषेत सातोबाई, जपानात सेंदाईला राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, डावा गुडघा धरलेला, आणि गल्लीतल्या कचऱ्यावर त्यांची करडी नजर. त्या मला इतकं रागावल्या, इतकं रागावल्या, की माझी आईसुद्धा कधी तेवढं रागावली नव्हती. ते उपकार फेडायचे कसे, याचा विचार करतच हे लिहायला बसले आहे.

आता मी कोण ते. मी रंजना, मूळची गारगोटीची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. माझे मिस्टर उरायासुला एका हॉटेलात आचारी आहेत, त्यांच्या मागोमाग मी तीन वर्षांपूर्वी इथं आले. आमच्या इमारतीत पुण्या-मुंबईची आयटीवाली मंडळी पुष्कळ. बायका निम्मं इंग्रजी बोलतात, मुलं निम्मं जपानी, आणि मी मधल्या मध्ये "हो ना" म्हणत उभी असते. सणावाराला पोळ्या माझ्याकडून जातात, म्हणून मला सगळे ओळखतात.

मृणालताई आधी आमच्याच मजल्यावर होत्या. आता सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करतात. कसलं, ते त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलंय. दोन्ही वेळा मी मान डोलावली. जानेवारीत त्यांचा फोन आला.

"रंजनाताई, चार दिवस इकडे याल का? झेक देशातून बाहुल्यांचा खेळ करणारे एक आजोबा येताहेत, आमची मंडळी त्यांचा खेळ ठेवतेय. आजोबा मांस-मासे काही खात नाहीत, आणि इथे बघता बघता सगळ्यात मासा निघतो. साध्या पालेभाजीवरसुद्धा मासा भुरभुरवतात हो!"

"पण मला झेक येत नाही, ताई."

"त्यांना मराठी येत नाही. फिट्टंफाट."

हे म्हणाले, "जा की. घरात बसून काळजी करतेस ती तिथं जाऊन कर."

सामान

काळजी हा माझा मुख्य धंदा आहे, त्यामुळे सामान बांधायला दोन दिवस लागले. पिठं, मसाले, हिंग, कढीपत्ता, लाटणं. आणि कचऱ्याच्या पिशव्या.

ह्याला कारण आहे. ज्यांनी जपान पाहिलं नाही त्यांना वाटेल, इथली अवघड गोष्ट म्हणजे भाषा किंवा भूकंप. छे. अवघड आहे तो कचरा. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, कागद दोरीनं बांधून वेगळा, बाटलीचं झाकण बाटलीपासून वेगळं. आपल्याकडं नवरा-बायको वेगळे व्हायला इतके नियम नसतील. ज्याचा वार त्या दिवशी, सकाळी आठच्या आत, ठरलेल्या कोपऱ्यावर, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली. चुकलं तर गाडी तुमची पिशवी उचलत नाही. तिच्यावर चिकटपट्टीसारखा एक कागद डकवून तिथंच ठेवून जाते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी.

पहिल्या वर्षी माझी पिशवी तीनदा राहिली. तिसऱ्यांदा ती पदराखाली लपवून, म्हणजे ओव्हरकोटाखाली, घरी आणली आणि रडले. त्यानंतर मी पालिकेचा कचऱ्याचा तक्ता पाठ केला. शाळेत सतराचा पाढा कधी आला नाही, पण चहाच्या कागदी पिशवीची पिन कुठल्या कचऱ्यात जाते ते मला झोपेत विचारा. आता आमच्या मजल्यावरच्या इंजिनियर बायका मला विचारायला येतात. हा मान मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालाय, म्हणून मी तो जपते. परगावी जायचं तर आपल्या पिशव्या आपल्या सोबत असाव्यात, म्हणून उरायासुच्या नगरपालिकेच्या अस्सल पिशव्यांचं अख्खं पुडकं बॅगेत टाकलं. हे लक्षात ठेवा.

शिनकानसेनमध्ये, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनमध्ये, दशमी आणि लसणाची चटणी घेतली होती. डबा जेमतेम उघडला आणि पुढच्या चार रांगांतली माणसं ताठ झाली. डबा बंद केला. सेंदाईपर्यंत कोरडी दशमी खाल्ली.

थालीपीठ आणि पायाची गोष्ट

सेंदाईत बर्फ होतं, पण शिळं. रस्त्याच्या कडेला काळपट ढीग, आणि त्यांच्यामधून सायकलवरून जाणारी विद्यापीठाची पोरं. मृणालताईंच्या मंडळींनी एका उतारावरच्या गल्लीत जुनं लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. त्यात पाहुणे, मी, आणि एक पेटी.

पाहुणे दोन. ओल्दा-आजोबा, वय ऐंशीच्या घरातलं, मिशी झुपकेदार, उंची दाराला टेकणारी, त्यामुळे त्या घरात दर तासाला एकदा कपाळावर आपटून घेणारे. आणि त्यांची नात यित्का, तिशीची, आजोबांच्या कपाळाला लावायला बर्फाची पुडी सतत हातात. यित्का इंग्रजी बोलायची, ते मृणालताई मराठीत सांगायच्या. मृणालताई नसतील तेव्हा आम्ही हातवाऱ्यांवर भागवायचो, आणि ते जास्त बरं चालायचं.

पहिल्या संध्याकाळी मी बटाटा किसून थालीपीठ लावलं, भरपूर लसूण घालून. आजोबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि टेबलावर मूठ आपटली. मी घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

"अहो, तिखट नाही लागलं त्यांना," मृणालताई हसत म्हणाल्या. "ते म्हणताहेत, असलंच बटाट्याचं त्यांची आजी करायची. विचारताहेत की त्यांच्या आजीची कृती तुम्हाला कुणी दिली."

"सांगा, गारगोटीच्या आजीनं दिली."

मग आजोबांनी सहा थालीपिठं खाल्ली आणि पेटी उघडली. आत दोन बाहुल्या. एक ढेरपोट्या पोस्टमन, निळी पँट, मोठाले बूट, चेहरा नुकतीच कुणीतरी पगारवाढ नाकारल्यासारखा. तो ब्रुम्ला. दुसरी पांढरी हंसीण, चोच नारिंगी, मान लांब. ती बेर्ता. ब्रुम्ला प्रत्येक पत्र चुकीच्या घरी देतो, आणि बेर्ता ते आधीच फोडून वाचते. बस, एवढाच खेळ. आणि एवढ्यावर त्या देशातली चार पिढ्यांची माणसं हसत मोठी झाली. यित्का म्हणाली, तिकडं कुणी विसराळूपणा केला की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "आला ब्रुम्ला."

आमच्याकडंही तळकोकणातून कळसूत्री बाहुल्यावाले यायचे, लहानपणी जत्रेत एकदा पाहिले होते. पण त्यांचे देव-राक्षस रुबाबात चालायचे. हा ब्रुम्ला लंगडतो. टक... ठप्प. टक... ठप्प. आणि त्या लंगडण्याचीच सगळी गोष्ट आहे.

आजोबांच्या आजोबांनी, म्हणजे ज्यांनी पहिला ब्रुम्ला कोरला त्यांनी, एका गावच्या खानावळीत खेळ लावला होता. ऐन खेळाच्या तोंडावर खानावळीच्या कुत्र्यानं ब्रुम्लाचा एक पाय पळवला. लोक बसलेले. म्हाताऱ्यानं खानावळीच्या मोडक्या खुर्चीचा पाय कापला, चाकूनं तासला आणि बसवला. घाईत दोन बोटं आखूड झाला. ब्रुम्ला पडद्याबाहेर आला तो लंगडत, आणि लोक असे हसले की टेबलं उलटी झाली. दुसऱ्या दिवशी नवा, बरोबर मापाचा पाय लावला. कुणी हसेना. तिसऱ्या दिवशी परत आखूड पाय.

"पुढं एक काळ असा आला," मृणालताई सांगत होत्या, "की प्रत्येक खेळ आधी सरकारी माणसाला दाखवायला लागायचा. त्या माणसानं ह्यांच्या वडिलांना विचारलं, हा लंगडतो याचा अर्थ काय? वडील म्हणाले, साहेब, याचा अर्थ एक पाय आखूड आहे. साहेबांनी त्यावर तीन पानी अहवाल लिहिला."

नंतर ब्रुम्लाचं डोकं किडलं, ते बदललं. हात बदलले, धड बदललं, दोऱ्या तर किती वेळा. आजोबा ब्रुम्लाच्या पँटवर थापटत म्हणाले, आणि यित्का आणि मृणालताई एकामागून एक सांगत गेल्या: "हा सगळा नवा आहे. मूळचा फक्त हा आखूड पाय. म्हणजे खरा ब्रुम्ला म्हणायचा तर तो एवढाच."

मी पँट आणि बूट पाहिला. आतला पाय पाहिला नाही. हेही लक्षात ठेवा.

मी आवरते

खेळ तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला, जवळच्याच एका सभागृहात होता. त्या दिवशी मी पहाटेच उठले. तक्ता आधीच विचारून ठेवला होता, आज जळणारा कचरा. स्वयंपाकघर आवरायला घेतलं. बटाट्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, वाळलेला कढीपत्ता. शेगडीजवळच्या खिडकीत वर्तमानपत्राचं एक पुडकं होतं, सुतळीनं बांधलेलं. उघडलं तर आत वीतभर लाकूड. काळं पडलेलं, कुरतडलेलं, एका टोकाला स्क्रू अडकवलेला. जुन्या घरात काय काय सापडतं, असं म्हणत मी कामाला लागले.

काय सांगू, किती मन लावून केलं. स्क्रू काढला, धातूच्या कचऱ्यासाठी ठेवलेल्या बरणीत टाकला. सुतळी सोडून गुंडाळी केली. वर्तमानपत्र परकं होतं, अक्षरांवर टोप्या-शेंड्या. झेक कागद जपानी कागदांत चालतो की नाही, यावर मी चांगली पाच मिनिटं उभी राहिले. मग चालत असावा म्हणून घडी घालून रद्दीत ठेवलं. लाकूड जळतं, म्हणून जळणाऱ्यात. उरायासुची कोरी पिशवी काढली, गाठ मारली, जाळीखाली नीट सरळ ठेवली आणि जाळीला नमस्कार करून आले. दिवस चांगला सुरू झाला असं वाटलं.

साडेनऊला आजोबा स्वयंपाकघरात आले, कपाळ आपटून घेतलं, खिडकीकडं गेले आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी मला हातानं विचारलं: इथं. एवढं. कागदात.

आदल्या संध्याकाळी स्क्रूचं भोक सैल झालं होतं. त्यांनी पाय काढून, भोकात डिंकानं लाकडाची बारीक चोय बसवून, सुकायला शेगडीच्या ऊबेत ठेवला होता.

मी कोपऱ्यावर कशी धावले ते आठवत नाही. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. कोपऱ्यावर गाडी येऊन गेलेली. जाळी घडी घालून भिंतीला टांगलेली. खाली झाडून स्वच्छ केलेलं. इतका स्वच्छ कोपरा बघून मला आयुष्यात कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं.

परत आले तर मृणालताई पोचल्या होत्या. त्यांनी पालिकेत फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलत होता. ताईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "ते दहा वेळा सॉरी म्हणाले. गाडी भट्टीकडे गेली."

मी जमिनीवर बसले. चार पिढ्या टिकलेला, कुत्र्याकडून वाचलेला, सरकारी साहेबाकडून वाचलेला पाय, नववी सोडलेल्या एका बाईनं वर्गवारी करून जाळला. ह्यांना फोन केला. हे म्हणाले, "आधी चहा पी. मग सांग, कुणाचा पाय गेला? माणसाचा ना? नाही ना? मग पी चहा."

आजोबा माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले, माझ्या हातावर हात ठेवला आणि खिडकीकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. यित्का हळूच मृणालताईंना म्हणाली, ते ब्रुम्लाशी बोलताहेत.

पण खेळ तर करायला हवा. यित्कानं माझं लाटणं उचललं. "मे आय?" मी म्हटलं, करवत आणा, माझा पाय कापा, लाटण्याचं काय घेऊन बसलात! तिनं मुठीकडचा तुकडा कापून बसवला. ब्रुम्ला उभा राहिला. एक पाऊल टाकलं आणि पाय गोल फिरला. लाटणंच ते, त्याला फिरायची सवय. दुसऱ्या पावलाला ब्रुम्लानं प्रेक्षकांकडं पाठ केली. तिसऱ्याला परत तोंड. पोस्टमन गिरक्या घेत पत्रं वाटतोय. मला रडता रडता हसू फुटलं, मग हसल्याची लाज वाटून आणखी रडू आलं. मृणालताईंनी दोन्हीसाठी एकच रुमाल दिला.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

सातो-सान

दारात एक बुटक्या आजी. डोक्याला फडकं, हातात रबरी मोजे, पायात गमबूट. एका हातात माझी पिशवी, तिच्यावर इंजिनियर बायकांनीही ओळखला असता असा तो कागद. न उचलता ठेवलेली पिशवी! दुसऱ्या हातात एक नवी कोरी पिशवी.

आणि त्या सुरू झाल्या. मृणालताई जमेल तसं सांगत होत्या.

"त्या म्हणताहेत, त्यांचं नाव सातो, या आठवड्यात कचऱ्याचा कोपरा सांभाळायची पाळी त्यांची आहे. म्हणताहेत, सेंदाईत सेंदाईची पिशवी लागते. ही पिशवी उरायासुची आहे. उरायासु इथून फार लांब आहे. त्या विचारताहेत की उरायासुची गाडी ही न्यायला इथे येईल असं तुम्हाला वाटलं का? अजून म्हणताहेत, बत्तीस वर्षं त्या या गल्लीत आहेत, असं कधी झालं नाही. अजून म्हणताहेत..."

"घर कसं सापडलं त्यांना?"

"म्हणताहेत, पिशवीला जो वास येतोय तो तीन दिवस याच घरातून येतोय."

मी पिशवी घेऊन पोटाशी धरली. सातो-सान बोलत होत्या आणि मी वाकून वाकून आभार मानत होते. "आरिगातो गोझाइमास, आरिगातो गोझाइमास." त्या थबकल्या. रागावल्यावर इतकं आनंदी झालेलं माणूस त्यांनी बत्तीस वर्षांत पाहिलं नसावं. त्यांनी मृणालताईंना विचारलं, हिला समजतंय ना? ताई म्हणाल्या, सगळं समजतंय.

गाठ सोडली. बटाट्याच्या सालांखाली, कोथिंबिरीत लपेटलेला, पाय. आजोबांनी तो दोन्ही हातांत घेतला, पुसला, हुंगला, आणि सातो-सानसमोर गुडघ्यावर बसले. त्या बिचाऱ्या घाबरून वाकल्या, आजोबा त्याच वेळी उठले, आणि त्यांचं कपाळ त्या दिवशी दुसऱ्यांदा आपटलं, या वेळी सातो-सानच्या डोक्यावर. यित्कानं बर्फाची पुडी दोघांना अर्धी अर्धी दिली.

जायच्या आधी सातो-साननी मला बसवून सालं परत निथळायला लावली, नव्या पिशवीत भरायला लावली. म्हणाल्या, ओला कचरा जळायला कष्ट पडतात, भट्टीचाही विचार करावा. स्क्रूची बरणी आणि सुतळीची गुंडाळी दिसली तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि एकच वाक्य बोलल्या. ताईंनी सांगितलं, "म्हणताहेत, वर्गवारी चांगली आहे."

आठवीचं प्रगतिपुस्तक हातात आल्यापासून मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

टक, ठप्प

आम्ही त्यांना खेळाला बोलावलं. त्या गुडघा दाखवून नको म्हणाल्या, पण पावणेदोनला शेवटच्या रांगेत येऊन बसल्या होत्या, घरचे झुंदा मोची घेऊन. भाताच्या गोळ्यांवर सोयाबीनच्या हिरव्या शेंगांचं गोड वाटण. मी चाखलं आणि मनात म्हटलं, अगं बाई, हे तर हिरवं पुरण.

पडदा उघडला. ब्रुम्ला आला. टक... ठप्प. टक... ठप्प.

कुणी हसलं नाही.

साठ-सत्तर माणसं, बूट बाहेर काढून, हात मांडीवर ठेवून, अतिशय आदरानं बघत होती. मृणालताई कुजबुजल्या, "ताई, लंगड्या माणसाला हसायचं कसं, असं झालंय त्यांना. सभ्य आहेत हो फार." मी पडद्याच्या कडेला उभी होते, तिथून आजोबांचे हात दिसत होते. ते ब्रुम्लाला तेच पाऊल परत परत टाकायला लावत होते. पाय मिळाला तरी खेळ बुडतोय, आणि आता तर पिशवीचाही दोष काढता येईना. बेर्तानं मान वाकवून ब्रुम्लाचा पाय हुंगला आणि ती, यित्कानं पाठ केलेल्या जपानीत, म्हणाली, "पोस्टमनकाका, या पायाला करीचा वास येतोय." समोर दोन-चार जण गालात हसले, लगेच तोंडावर हात.

आणि शेवटच्या रांगेतून सातो-सान मोठ्यांदा म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अगदी माझ्यासारखा चालतो की!" आणि हसायला लागल्या. उठून उभ्या राहिल्या आणि खुर्च्यांमधल्या वाटेवर दोन पावलं चालूनही दाखवली. टक, ठप्प. गमबूट काढलेले, पायात फक्त मोजे, तरी ठप्प ऐकू आलं असं मला वाटलं.

मग काय विचारता. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ, टाय लावलेले, असे हसले की त्यांचा चष्मा पडला. आजोबांनी ब्रुम्लाला थेट मंचाच्या काठाशी आणलं आणि सातो-सानच्या चालीवर चालवलं, त्यांनी पाऊल टाकलं की ह्याचं पाऊल. खेळ अर्ध्या तासाचा होता, पाऊण तास चालला.

निघताना आजोबांनी माझं अर्धं लाटणं मागून घेतलं. म्हणाले, पेटीत राहू दे, पुढची गोष्ट सांगायला लागेल. घरी आल्यापासून मी ग्लासानं पोळ्या लाटतेय, आणि मजल्यावरच्या बायका विचारतात, पोळ्यांचा आकार असा का. सांगते, झेक देशात गेलं लाटणं.

सातो-सान, हे मराठीत लिहिलंय, मृणालताई तुम्हाला वाचून दाखवणार आहेत. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत की बर्फ पडतं तेव्हा सकाळी सातला कोपऱ्यावर उभं राहणं आता गुडघ्याला झेपत नाही, पण पाळी चुकवणं मनाला झेपत नाही. तर ऐका. ज्या आठवड्यात झेपणार नाही त्याच्या आदल्या दिवशी मला फोन करा. मी उरायासुहून येईन, जाळी लावीन, जाळी काढीन, कोपरा झाडीन, चुकलेल्या पिशव्या घरोघर पोचवून तुमच्यासारखंच रागावीन. तुमची एक पाळी मी करणार म्हणजे करणार. आणि येताना एकही पिशवी सोबत आणणार नाही.